मे महिन्यातली सावली

सह्याद्रीत बहुतेक लोक पावसाळ्यात जातात. तेव्हा सगळेच डोंगर हिरवे असतात. उघड्या कातळावरही गवत आणि शेवाळ धरतं. कुठल्या डोंगरावर खरं रान आहे आणि कुठल्यावर नुसती चार महिन्यांची हिरवळ, हे बघायचं तर मे महिन्यात चढावं. कर्जत तालुक्यातल्या खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकरला जाणारी वाट त्यासाठी फार चांगली.

उजाडायच्या आत निघावं आणि पाठीवर भरपूर पाणी घ्यावं. दिवस वर आला की ऊन अंगावर यायला लागतं आणि खालच्या उतारावर त्याला अडवणारं काही नसतं. ऐन, साग, सावर ही झाडं उन्हाळ्यात पानं गाळून आपलं पाणी वाचवतात. सागाची वाळकी पानं पायाखाली कडाकडा मोडतात. शेजारी पदरगडाचा कातळ तापत असतो. हिरव्या असतात त्या करवंदीच्या जाळ्या. पिकलेली काळी करवंदं तोंडात टाकली की ओठांना चीक लागतो, पण तहान थोडी पुढे ढकलली जाते.

मधलं पठार ओलांडून शेवटचा चढ सुरू झाला की मात्र हवा पालटते. जांभूळ, आंबा, हिरडा आणि अंजनीची गर्द झाडी डोक्यावर मिटत जाते. ऊन आता जमिनीवर फक्त कवडशांपुरतं उरतं. सुमारे हजार मीटर उंचीवरच्या या रानातून हनुमान तळ्यावरून नागफणीच्या टोकाकडे जाताना एकदा तरी वाटेच्या कडेला बसावं आणि पाचोळा हाताने बाजूला करून बघावा. वरची पानं कुरकुरीत, त्याखालची मऊ, जाळीदार झालेली आणि त्याखाली चहाच्या चोथ्यासारखी काळसर माती. तिच्यात पांढऱ्या बुरशीचे बारीक धागे पसरलेले असतात. भर मे महिन्यात ती माती बोटांना गार लागते. मागच्या पावसाचं पाणी या रानाने असं सांभाळून ठेवलेलं असतं.

शेवटी झाडी सोडून नागफणीच्या टोकावर आलं की खाली कोकण दिसतं, उन्हाने करपलेलं आणि धुरकट. आजूबाजूचे किती तरी डोंगर बोडके असतात. पाऊस त्यांच्यावरही पडतो, खडकही तोच. मग सावली इथेच का राहिली?

ती राहिली, कारण ती राखली गेली. सह्याद्रीतल्या अनेक गावांनी देवाच्या नावाने रानाचे तुकडे सोडून दिले. त्या देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही आणि कित्येक ठिकाणी तर पडलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही, असा दंडक. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात अशा देवरायांचा अभ्यास करून त्यांचं मोल शास्त्राच्या भाषेत मांडलं. भीमाशंकर अभयारण्य झालं १९८५मध्ये, मुख्यतः शेकरूसाठी. हा आपला राज्यप्राणी शक्यतो जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर झेप घेत जातो. मधली दोन-चार झाडं गेली तर त्याची वाटच तुटते. ज्या झाडांवरून तो आज फिरतो, त्यांतली कितीतरी झाडं अभयारण्याची पाटी लागण्याच्या खूप आधीपासून उभी आहेत.

इथले महादेव कोळी उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून अंगणात वाळत घालतात. वर्षाच्या मिळकतीत त्या पैशाचा मोठा आधार असतो. फळ घ्यायचं आणि झाड राखायचं, हा हिशेब त्यांना कुणी शिकवावा लागला नाही. काय घ्यायचं हे आपल्यालाही कळतं. काय घ्यायचं नाही, हे ठरवणं अवघड असतं. हाताशी असलेली, फुकट मिळणारी, उद्या सहज विकता येईल अशी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहू देणं हे मोठ्या संयमाचं काम आहे. ते करणाऱ्यांची नावं कुठल्या दगडावर कोरलेली नाहीत. आपण घामाने निथळत वर येतो आणि त्यांच्या सावलीत बसतो.

असं एखादं ठिकाण आपल्याही वाट्याला असतं. गावाबाहेरची राई असेल, ओढ्याचा काठ असेल, सोसायटीच्या मागचा झाडीचा कोपरा असेल. तिथून आपण काही घेणार नाही आणि कुणाला घेऊ देणार नाही, असं चार माणसांनी मिळून ठरवावं आणि ते मुलांना सांगून ठेवावं. पन्नास वर्षांनंतरच्या मे महिन्यात कुणाला तरी सावली मिळायची असेल, तर ती आजच राखावी लागेल.