खिळ्यातून सुटलेला हात

ज्या अनुभवाविषयी बोलताना तो अनुभव घेणाऱ्याचीच वाणी अडखळते, त्याचे चित्र एखाद्या तिऱ्हाइताने काढावे तरी कसे? राजाचे चित्र काढणे सोपे; त्याचे राजेपण मुकुटात, सिंहासनात आणि तैनातीतल्या हुजऱ्यांत दिसते. हुतात्म्याचेही फारसे अवघड नाही, कारण त्याच्या छळाची हत्यारे रंगविता येतात. परंतु ज्याच्या आयुष्यातील मुख्य घटना अंतःकरणाच्या एकांतात, साक्षीदारावाचून घडली, त्या साक्षात्कारी संताचा चितारी पटावर मांडणार काय? कॅथलिक युरोपातील कलावंतांनी या प्रश्नाची जी नानाविध उत्तरे दिली, त्यांपैकी मला सर्वांत मर्मग्राही वाटणारे उत्तर रोमपेक्षा जुन्या गोव्यात अधिक स्पष्टपणे वाचता येते. आणि ते वाचण्याची किल्ली वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेत देवादिकांच्या तसबिरी मांडून बसलेल्या पालावरही सापडावी, हे सांगितल्यास कलेतिहासाचे अभ्यासक कदाचित भुवया उंचावतील.

प्रथम रोमचे उत्तर पाहू. आविलाची संत तेरेसा हिने आपल्या आत्मचरित्रात एका देवदूताने सुवर्णाच्या भाल्याने आपले अंतःकरण विद्ध केल्याचे लिहून ठेवले आहे. १६४७ ते १६५२ या काळात बर्निनी या शिल्पकाराने सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया या चर्चमध्ये, कॉर्नारो घराण्याच्या उपासनागृहासाठी, तोच प्रसंग संगमरवरात उभा केला. ढगावर कललेली संत, अर्धवट मिटलेले डोळे, विलग झालेले ओठ, अंगावरच्या वस्त्राच्या शेकडो चुण्यांतून जणू वाहत असलेली तिची व्याकुळता, वर दडविलेल्या खिडकीतून झिरपणारा प्रकाश, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर नाटकगृहातल्या सज्जांत बसावे तसे बसलेले कॉर्नारो घराण्यातील पुरुष. हे कौशल्य अद्वितीय आहे, यात संदेह नाही. परंतु बर्निनीने दाखविला तो अनुभवाचा देहावरील परिणाम. आणि देह एकदा प्रेक्षणीय झाला की पाहणारा साधक राहत नाही, तो सज्जातला प्रेक्षक होतो. या शिल्पासंबंधी पुढे जी चावट कुजबूज झाली, तिचा दोष केवळ कुजबुजणाऱ्यांच्या माथी मारून शिल्पकाराची सुटका होणार नाही.

याच्या अगदी उलट टोकाला एक लहानसा कागद आहे. तेरेसेचा सहकारी, क्रूसाचा संत योहान, याने आविलाच्या मठात असताना लेखणीने क्रूसावरील ख्रिस्ताचे एक रेखाटन केले: वरून, तिरकस, जणू अंतराळातून पाहिल्यासारखे. साल्वादोर दाली याने १९५१ साली आपले प्रसिद्ध चित्र काढले ते या रेखाटनावरून स्फूर्ती घेऊन. परंतु मला महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. साक्षात्कारी पुरुषाने स्वतः हाती लेखणी घेतली तेव्हा त्याच्या चित्रात साक्षात्कारी पुरुष नाही; जे पाहिले तेवढेच आहे, पाहणारा गळून गेला आहे. बर्निनीच्या शिल्पात पाहणारी आहे, देवदूतही आहे, पण देव नाही. आता, संत आणि देव या दोघांनाही ठेवायचे, आणि तरीही संताची अवस्था प्रदर्शनाला लावायची नाही, अशी काही तजवीज आहे काय?

ती आहे जुन्या गोव्यात, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये. १५१७ साली गोव्यात उतरलेल्या फ्रान्सिस्कन साधूंच्या प्रार्थनास्थळाच्या जागीच ते उभे असून आजची वास्तू १६६१ सालची आहे. आधीच्या इमारतीचा मान्युएलिन धाटणीचा दरवाजा मात्र तिच्यात कायम ठेवला आहे. संत झेव्हियरच्या शवाचे दर्शन घ्यायला समोरच्या बॉम जेझुस चर्चमध्ये लोटणारी गर्दी बहुधा रस्ता ओलांडून इकडे फिरकत नाही. सोनेरी मुलाम्याच्या मुख्य वेदीवर क्रूसावरचा ख्रिस्त आणि त्याला बिलगलेला फ्रान्सिस अशा दोन भव्य मूर्ती आहेत. ख्रिस्ताचा एक हात खिळलेला आहे. दुसरा क्रूसापासून सुटून फ्रान्सिसच्या खांद्याकडे आला आहे. ही कल्पना गोव्याची नव्हे. स्पेनमध्ये रिबाल्ता आणि त्यानंतर मुरिलो यांनी ती रंगविली होती. मुरिलोचे चित्र १६६८च्या सुमारास सेव्हिलच्या कापुचिन साधूंसाठी तयार झाले. पण तिच्यामागील परिवर्तन ध्यानात घेण्याजोगे आहे. फ्रान्सिसच्या चरित्रातील सर्वाधिक चितारलेला प्रसंग १२२४ सालचा, ला व्हेर्नाच्या डोंगरावर सहा पंखांच्या देवदूताचे दर्शन होऊन त्याच्या अंगावर ख्रिस्ताच्या जखमा उमटल्याचा. त्याच्या निधनानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, १२३५ साली, बेर्लिंगिएरीने पेशा येथील फलकात तो प्रसंग रंगविला, आणि जोत्तोने तर देवदूताच्या जखमांपासून संताच्या जखमांपर्यंत सोन्याच्या रेघा ओढल्या. रेघ नाते दाखवते, पण त्याबरोबर अंतरही दाखवते. आलिंगनाच्या कल्पनेत ते अंतर नाहीसे झाले. आणि मुख्य म्हणजे, हालचाल संताच्या मुद्रेतून निघून देवाच्या हातात गेली.

मराठी माणसाला हे व्याकरण शिकवावे लागत नाही. विठ्ठलाची ठरलेली मुद्रा कोणती, तर विटेवर उभा, कर कटावर. तो हलत नाही हेच त्याचे वैशिष्ट्य. आणि तरीही घरोघरच्या तसबिरींत तो जनाबाईच्या जात्याला हात लावून बसलेला दिसतो. त्या चित्रात जनाबाई मूर्च्छित नाही, तिचे डोळे मिटलेले नाहीत, ती दळते आहे. तिच्या अनुभवाची सारी थोरवी चिताऱ्याने एकाच गोष्टीने सांगितली: देवाने आपली जागा सोडली. विटेवरून उतरलेला विठ्ठल आणि खिळ्यातून हात सोडविलेला ख्रिस्त यांच्यामागची श्रद्धा एक नव्हे, त्यांची तत्त्वज्ञाने एका पारड्यात घालण्याचा भाबडेपणाही मी करणार नाही. परंतु अदृश्य अनुभव दृश्य करण्याची दोघांची युक्ती एकच आहे. संताची महती त्याच्या चेहऱ्यावर कोरावी लागत नाही. देवाने त्याच्यासाठी काय मोडले ते दाखविले की काम भागते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो सौजन्यापोटी बाजूला सारता येण्यासारखा नाही. जनाबाईची तसबीर दासीच्या जात्यापाशी जन्मली. फ्रान्सिसची मूर्ती पोर्तुगीज हुकूमतीच्या सावलीत उभी राहिली. सोळाव्या शतकात बारदेशचा मुलूख धर्मप्रसारासाठी फ्रान्सिस्कनांच्या हवाली झाला होता, तेथील देवळे पाडली गेली, आणि बिगरख्रिस्ती कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती घडवू नयेत म्हणून मनाईचे हुकूम निघाले. ज्याने बापाच्या संपत्तीबरोबर अंगावरचे कपडेही परत केले, त्या फ्रान्सिसला सोन्याने मढविलेल्या वेदीवर चढविले, आणि त्याच मूर्तींच्या पायाशी दारिद्र्य, नम्रता व आज्ञाधारकता ही त्याची तीन व्रते अक्षरांत कोरली, यातील विसंगती त्या काळच्या कोणाच्या तरी मनात आलीच असेल. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याने ती वेदी निष्पाप ठरत नाही. पण त्याने मूर्तीचा अर्थ रद्द होतो असे मला वाटत नाही. उलट तो अर्थ त्या सत्तेवरच उलटतो. आज शेजारच्या मठात, पुरातत्त्व खात्याने १९६४ साली स्थापलेल्या संग्रहालयात, पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्या चित्रांची मोठी मालिका टांगलेली आहे, आणि त्याच इमारतीत वीरगळही ठेवले आहेत. त्या साऱ्या साहेबांच्या चित्रांत कोणी कोणाला स्पर्श करीत नाही. प्रत्येकजण आपापल्या हुद्द्याच्या चौकटीत ताठ उभा आहे. गोव्यातील धर्मसंघ १८३५ साली बरखास्त झाले, साधू गेले, अंमल गेला. ती चित्रे दफ्तराचा भाग म्हणून उरली, वेदीवरची जोडमूर्ती मात्र अजूनही काही म्हणते.

भारतीय चित्रकारांनी या प्रश्नाला विसाव्या शतकात पुन्हा हात घातला. सांत इस्तेव्हांव येथे १९०२ साली जन्मलेला आंजेलो द फोन्सेका अवनींद्रनाथांच्या परंपरेत शिकला, मेरीला साडी नेसवून रंगविल्याबद्दल गोव्यातील स्वधर्मीयांचा रोष त्याने ओढवून घेतला, आणि पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून त्याने आयुष्यभर काम केले. ज्या ख्रिस्त सेवा संघातून हा आश्रम पुढे आला, त्याची स्थापना १९२२ साली विन्स्लो यांनी केली होती व त्यावर फ्रान्सिसच्याच आदर्शाची छाया होती, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे. फोन्सेकाच्या धैर्याविषयी मला आदर आहे, पण त्याच्या समर्थकांचा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. वेष, वर्ण आणि पार्श्वभूमी बदलली की परकी प्रतिमा देशी होते, असे ते धरून चालतात. गोव्याच्या वेदीवरील फ्रान्सिस पाश्चात्त्य साधूच्याच झग्यात आहे, त्याच्या अंगावर देशी असे काहीही नाही. तरी पंढरीच्या वाटेवरचा माणूस तिच्यापुढे उभा राहिला, तर त्याला विचारावे लागेल ते एवढेच की हा भक्त कोण. देव काय करतो आहे हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.