अतिथी आणि गिऱ्हाईक

सख्खी बहीण पुण्यात असताना मी लॉजमध्ये उतरलो, हा माझा अपराध.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी दोन दिवसांच्या कामासाठी पुण्यास गेलो होतो. सदाशिव पेठेत आक्काचे घर. पण वडिलांच्या मागे वाड्याच्या वाटणीत मी तिला नको ते बोललो होतो. भांडण मिटले, अवघडलेपण तेवढे उरले. तेव्हा लक्ष्मी रस्त्यावरच्या 'पूना गेस्ट हाऊस'मध्ये खोली घेतली आणि मनाला सांगितले, 'आक्काचे वय झाले, तिला त्रास कशाला?' माणूस स्वतःला फसवायला निघाला की त्याला दुसऱ्याची काळजी किती चटकन आठवते!

जागा मोठी नामांकित. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार हे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत वाढलेले. त्यांनी १९३५ साली हे गेस्ट हाऊस काढले. पुढे त्यांचे चिरंजीव चारुकाका यांनी ते सांभाळले. नाटक-सिनेमातल्या कितीतरी माणसांना हे आपले दुसरे घर वाटे. मी मात्र घर चुकवण्यासाठी तेथे आलो होतो.

नोंदवहीत नाव, गाव, आल्याची तारीख लिहिली आणि एक गंमत ध्यानात आली. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची फोड आपले जुने लोक सांगत. इथे तर येण्याचीही तिथी, जाण्याचीही! म्हणजे मी अतिथी नव्हे, गिऱ्हाईक.

गिऱ्हाईक असणे कमीपणाचे आहे काय? मला तसे वाटत नाही. ज्याचे शहरात कोणी नाही, त्याला चार पैसे मोजून मानाने पाठ टेकता येते, ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय पाहुणचाराचे पुण्य यजमानाच्या नावावर जमा होते आणि चुलीपुढे घाम गाळते ती घरची बाई, हेही आपण पाहत आलो आहोत. पैसे दिले की कुणावर भार नाही. पण हा भार मी आक्कावरचा वाचवत होतो, की तिच्या उपकाराचा माझ्यावरचा?

रात्री जेवताना वाढप्याने आग्रह करून आणखी एक थालीपीठ वाढले आणि सहज विचारले, "पुण्यात आपलं कोणी नाही वाटतं?"

"नाही," मी म्हणालो.

तो घास काही केल्या गिळवेना. लॉजमध्ये उतरण्यात पाप नव्हते. पाप त्या एका शब्दात होते.

सकाळी चालत आक्काकडे गेलो. कुठे उतरलो ते खरे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं केलंस. माझे गुडघे धरलेत, तुझी गादी कोण घालणार होतं? पण रात्री जेवायला का नाही आलास?"

माझी सबब खरी निघाली होती, आणि तरीही मी खोटा ठरलो होतो.

गेस्ट हाऊसचे बिल चुकते करून पावती खिशात घातली. तिथला हिशेब पुरा झाला. हातात आक्काने दिलेला चकल्यांचा डबा होता. देताना तिने बजावले होते, "डबा परत आणून द्यायचा हं!"

आणि आमच्या घरी डबा रिकामा परत करण्याची रीत नाही.