पुरेसे यंत्र

घरातल्या साध्या शिवणासाठी लहानसे यंत्र घ्यावयाचे ठरले, की प्रश्न केवळ बाजाराचा आहे असे वाटते. उशांचे अभ्रे, परकर, पिशव्या, तान्ह्या मुलाची झबली, उसवलेली शीव, लांब झालेला लेंगा; काम एवढेच. दुकानात जावे, किंमत विचारावी आणि घेऊन यावे. परंतु यंत्र काय काय करू शकते याची यादी विक्रेता घडाघडा म्हणून दाखवितो. आपल्याला काय करावयाचे आहे याची यादी मात्र आपली आपणच करावी लागते, आणि ती करू लागले म्हणजे ध्यानात येते की येथे 'किती पुरे?' असा प्रश्न उभा आहे. हा प्रश्न नीतीचा आहे.

यंत्राच्या नीतीविषयी आपल्याकडे जो विचार झाला त्यात शिवणयंत्राला एक विशेष स्थान आहे. 1924 साली जी. रामचंद्रन या तरुण विद्यार्थ्याने गांधीजींना, आपला यंत्रमात्राला विरोध आहे काय, असे विचारले होते. त्या संभाषणात गांधीजींनी अपवाद म्हणून नाव घेतले ते सिंगरच्या शिवणयंत्राचे. हाताने टाके घालून पत्नी शिणते हे पाहून, तिच्यावरील प्रेमापोटी सिंगरने ते यंत्र शोधले, असे त्यांचे म्हणणे होते. रामचंद्रनांनी तेथेच अडविले: मग ही यंत्रे घडविणारा कारखाना हवा, आणि त्यात शक्तीवर चालणारी यंत्रे येणारच! गांधीजींनी ते मान्य केले. मात्र असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा शासनाच्या नियंत्रणाखाली असावेत, असे सांगितले.

इतिहासाच्या कसोटीला ही प्रेमकथा उतरत नाही. सिंगरने 1851 साली पेटंट घेतले. त्याआधी 1846 मध्ये एलियास हाऊ याने दोन दोऱ्यांच्या टाक्याचे पेटंट घेतले होते, आणि पुढे न्यायालयात सिंगरला त्याच्यापुढे हार मानावी लागली. सिंगरचा संसार तर पत्नीप्रेमाचा दाखला म्हणून सांगण्याजोगा मुळीच नव्हता. शिवणकाम करणाऱ्या पत्नीला पाहून यंत्र सुचल्याची कथा सांगितली जाते ती खरे तर हाऊविषयी. तथापि कथेचा नायक चुकला म्हणून तिच्यातला निकष चुकत नाही. यंत्र कोणाचा शीण हलका करते, हा तो निकष होय.

तो आपल्या लहानशा खरेदीला लावून पाहावा. पुष्कळ घरांत पैसे मोजणारा एक आणि यंत्रावर बसणारी दुसरीच असते. ज्याला बसावयाचे नाही त्याने निवड करणे हाच पहिला अन्याय. हाताने फिरवावयाच्या यंत्रात उजवा हात चाकात गुंततो आणि कापड सांभाळावयास एकटा डावा उरतो. तरीही ते संथ चालते, म्हणून शिकाऊ माणसाला सोयीचे पडते. पायाच्या यंत्रात दोन्ही हात मोकळे राहतात, पण जागा लागते आणि गुडघे धड असावे लागतात. विजेचे यंत्र हातापायांचे श्रम वाचविते. मात्र त्याचा वेग आवरता येत नसेल, तर नवख्या बोटांना धाक बसतो. यांतले श्रेष्ठ कोणते, हे बसणाऱ्या व्यक्तीची पाठ, डोळे आणि घरातला कोपरा यांवाचून ठरत नाही.

'लहान' या शब्दाने येथे फार फसगत होते. गरज लहान आहे म्हणून यंत्र खेळण्यासारखे असावे, असे नव्हे. हातात धरून चालवावयाची जी चिमुकली यंत्रे मिळतात, ती बहुधा एकाच दोऱ्याचा साखळी टाका घालतात. शेवटची गाठ नीट बसली नाही आणि टोक ओढले गेले, तर सबंध शीव सरसर उसवत जाते. पडद्याची सुटलेली कड तात्पुरती धरावयास ते ठीक, परकराला नाही. दोन दोऱ्यांच्या टाक्यात वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांना धरून राहतात. एवढी मजबुती साध्या शिवणालाही हवीच. जे वर्षभरात मोडते आणि ज्याला दुरुस्त करणारा गावात कोणी नाही, ते स्वस्त यंत्र घेणाऱ्याने काटकसर केली असे मी तरी म्हणणार नाही. अपरिग्रह म्हणजे सर्वांत कमी पैशांची वस्तू घेणे नव्हे. आजीचे काळे लोखंडी यंत्र तेलाच्या चार थेंबांवर नातीच्या हाती अजून चालते अशी घरे आहेत. अपरिग्रह पाहावयाचा तर मला तो तेथे अधिक दिसतो.

दुसऱ्या टोकाला शेकडो नक्ष्यांची यंत्रे आहेत. नक्षी काढावयाची हौस असेल त्याने ती जरूर घ्यावीत. हौस ही काही पाप नाही. पण साध्या शिवणाला सरळ टाका हवा, आणि बनियनसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडासाठी व कडेचे सूत निघू नये म्हणून नागमोडी टाका असला की भागते. त्यापलीकडच्या नक्ष्या यंत्राबरोबर घरात येतात आणि मग आपल्यासाठी काम मागत बसतात.

दुकानात जाताना घरचे कापड न्यावे: एक पातळ मलमल, एक जाड पडद्याचे, आणि त्याची चौपदरी घडी. जिला शिवावयाचे आहे तिने स्वतः बसून सुईत दोरा ओवावा, बॉबिन भरावी, दोन्ही कापडांवर शिवून टाका वरून आणि खालून पाहावा. सुया आणि बॉबिन आपल्या बाजारात मिळतात काय, हेही तेथेच विचारावे.

आता राहिला शिंपी. 1831 साली पॅरिसमध्ये शिंप्यांनी बार्तेलमी तिमोनिए याच्या कारखान्यातील शिवणयंत्रे फोडली. पोट जाईल, ही त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. आपण घरी यंत्र आणले म्हणजे कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या मिळकतीतून काही काढून घेतो काय? प्रामाणिकपणे पाहिले तर अभ्रे आणि उसवलेल्या शिवणी त्याला नकोच असतात. त्या कामाचे पैसे मागावयास त्याला संकोच, आणि द्यावयास आपण नाखूश. पूर्वी जुन्या लुगड्याला दंड घालून ते आणखी वर्षभर वापरीत. ते काम घरीच होत असे. घरच्या यंत्राने ते परत घरी यावे हे योग्यच. बेताची चोळी, सदरा, मापाचे कपडे यांत मात्र शिंप्याची विद्या आहे. ते त्याच्याकडेच न्यावे, आणि तो सांगेल ती शिलाई घासाघीस न करता द्यावी.