पाचवे कारण

आयव्हीएफचे उपचार चालू असताना रात्री नऊच्या ठोक्याला माझ्या भाचीचा मोबाइल वाजे, आणि ती हातातले काम तसेच टाकून फ्रिजमधली इंजेक्शने काढून बसे. पोटाला सुई टोचून झाली की त्या उपचारांच्या अ‍ॅपमधल्या चौकटीत खूण करावयाची, मात्रा नोंदवावयाची, सोनोग्राफीत फॉलिकल किती मिलिमीटर भरले ते लिहावयाचे. दहा-बारा दिवसांच्या त्या दप्तरात एकही रकाना रिकामा नव्हता. बीजे काढण्याच्या सुमारे 36 तास आधी घ्यावयाच्या ट्रिगर इंजेक्शनची वेळ हुकली तर सगळी सायकलच वाया जाण्याचा संभव, म्हणून त्यासाठी अ‍ॅपने तीनदा ताकीद दिली. सासरी कोणाला न कळवता आणि कचेरीत रजेचे खरे कारण न सांगता जी स्त्री या उपचारांतून जाते, तिला अपरात्री रक्ताचा डाग दिसला असता घाबरावे की नाही एवढे सांगणारे काही हाताशी असणे ही थोडी गोष्ट नव्हे; अ‍ॅपचे ते उपकार मी मनापासून मानतो.

गर्भाशयात गर्भ सोडल्यानंतर दोन आठवड्यांनी बीटाचा, म्हणजे गर्भधारणेच्या रक्तचाचणीचा, रिपोर्ट आला. गर्भ रुजला नव्हता. "मामा, मंगळवारची प्रोजेस्टेरॉनची गोळी मी दोन तास उशिरा घेतली होती. त्यानंच गेलं का हो?" असे तिने मला विचारले; आणि डॉक्टरांनी तसे काही नसल्याचे स्पष्ट सांगूनही अ‍ॅपने मंगळवारपुढे केलेली लाल खूण तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव; आणि लगेच पुढे, जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला यथार्थ दिसत नाही, असा निर्णय दिला आहे. फलाची आशा सोड, असे या मुलीला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, कारण अपत्याची कामना हाच या उपचाराचा प्राण आहे आणि आपल्या परंपरेनेही ती कामना कधी निषिद्ध मानलेली नाही. दशरथाची पुत्रकामेष्टी हे काम्य कर्मच होते. परंतु त्या इष्टीचा भार ऋष्यशृंगावर, ऋत्विजांवर, देवांवर आणि स्वतः राजावर वाटला गेला होता. पायस कोणत्या घटकेला प्राशन केलेस, याचा जबाब कौसल्येकडून कोणी मागितला नाही. रामायणाबाहेरच्या घराघरांत मात्र तो मागितला गेला. मूल न झालेल्या बाईच्या माथी पूर्वजन्मीचे पाप मारण्याची आपली जुनी वहिवाट, दोष पुरुषाच्या बीजात असला तरीही, चालूच राहिली. आणि अ‍ॅपमधली ती लाल खूण, बनविणाऱ्याच्या मनात तसे काही नसताना, त्याच वहिवाटीची वारस झाली आहे.

मग दैव ते कोणते? 1978 साली इंग्लंडात ओल्डहॅम येथे एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांच्या दीर्घ खटपटीला आयव्हीएफचे पहिले यश आले, 1986 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून याच उपचाराने बालिका जन्मली, आणि तरीही सूक्ष्मदर्शकाखाली निर्दोष दिसणारा गर्भ अनेकदा रुजत नाही. पुष्कळदा त्याच्या गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते, आणि ती चूक बहुधा स्त्रीबीजातच, फलनापूर्वी, झालेली असते. स्त्रीची बीजे ती स्वतः आईच्या उदरात असतानाच तयार होतात, त्यांचे विभाजन तेथेच आरंभ पावून थांबते आणि पुढे कित्येक वर्षांनी पुन्हा चालू होते. म्हणजे गुणसूत्रांच्या ज्या वाटणीवर हे सारे अवलंबून होते, तिचा आरंभ माझ्या बहिणीच्या उदरात, भाचीला नावही नव्हते तेव्हा, झाला होता. या दैवात कोणा देवतेचा कोप मला दिसत नाही, आणि त्यासाठी रकाना आखता येईल असेही वाटत नाही. नकारी रिपोर्टाच्या दिवशी पडद्यावर एवढी हकीकत सरळ मराठीत लिहिलेली असावी, अशी माझी त्या अ‍ॅप करणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे.

हे सारे मी भाचीला फोनवर सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आईला सांगू का हे?"

आता दुसरी सायकल चालू आहे. नऊ वाजता मोबाइल वाजतो तो जावईबापूंचा. कुपीतली भुकटी विरघळवून इंजेक्शन तेच भरतात. खूण करण्याची सोय भाचीने बंद करून ठेवली आहे.