नोकरीचा तास आणि अमानत

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत नोकरी करणारी आपली मुले लॅपटॉप घेऊन गावोगाव परतली. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या सोनाळ्यातही असे काही तरुण आले. त्या नोव्हेंबरात मशिदी पुन्हा उघडल्या, तेव्हा एरवी दोन ईदलाच दिसणारे चेहरे फजरच्या सफेत रोज दिसू लागले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने त्याच वर्षी एप्रिलमध्ये जाहीर केले होते की, २०२५ पर्यंत आपल्या केवळ २५ टक्के कर्मचाऱ्यांनाच कार्यालयात यावे लागेल. पुढे याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात हजर राहण्यास सांगितले. इन्फोसिसने महिन्यातून १० दिवसांची अट घातली. इतरांनीही आपापले नियम केले, आणि ज्या घरांची घडी तीन वर्षांत नव्याने बसली होती ती पुन्हा विस्कटली.

वाचकहो, या संदर्भात मला दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. पहिला प्रश्न वडीलधारी मंडळी दबक्या आवाजात विचारतात: मुलगा घरात बसून, लुंगी नेसून काम करतो आणि शहराचा पगार घेतो, ही कमाई हलाल आहे ना? दुसरा प्रश्न मुलांचा असतो: कंपनी बोलावते आहे, घरी आईवडील आजारी आहेत, आता काय करावे? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. नोकरी पत्करताना माणूस नेमके काय विकतो?

आपल्या फकीहांनी याचा फार बारकाईने विचार केला आहे. हनफी फिकहच्या 'हिदाया' या ग्रंथात, जो आजही मदरशांत शिकवला जातो, मजुरी घेणाऱ्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक अजीर-ए-मुश्तरक, तो अनेकांचे काम घेतो आणि काम पुरे करून दिल्यावर मोबदल्याचा हकदार होतो, जसा शिंपी. दुसरा अजीर-ए-खास, तो ठरलेल्या मुदतीपुरता स्वतःला एका मालकाच्या स्वाधीन करतो. मालकाने काम दिले नाही तरी, तो हजर व तयार असेल तर त्याची मजुरी पक्की होते. आम्हा वऱ्हाडकरांना हा भेद समजावून सांगण्याची गरजच नाही. आमच्याकडे निंदणाला बाया रोजाने जातात आणि कापूस वेचणीचे पैसे किलोवर घेतात. एकाच शेतात, त्याच बाया, पण करार दोन. उक्ते घेतलेले काम निराळे आणि सालदाराचे साल निराळे, हे लहान मुलालाही ठाऊक असते.

महिन्याच्या पगारावर असलेला संगणक अभियंता हा या हिशेबाने सालदार आहे. त्याने आपला वेळ विकला आहे. आता वडीलधाऱ्यांची शंका अशी की, मालकाच्या नजरेसमोर नसताना वेळ 'स्वाधीन' कसा होतो? येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. अजीर-ए-खासचे उदाहरण म्हणून 'हिदाया'त महिन्याच्या बोलीवर ठेवलेला शेळ्यामेंढ्यांचा राखणदार सांगितला आहे. हा राखणदार दिवसभर कुठे असतो? डोंगरावर, माळावर, मालकाच्या दृष्टीआड. तरीही त्याने स्वतःला स्वाधीन केले आहे असेच फकीह मानतात. म्हणजे स्वाधीन होणे याचा अर्थ डोळ्यांसमोर बसणे असा कधीच नव्हता. आदरणीय खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) सीरियाला गेले, तेव्हा मालकीण मक्केत होत्या आणि काम करणारा शेकडो कोस दूर होता. दूर राहून केलेले काम ही आजची नवलाई नव्हे. तेव्हा घरून केलेल्या कामाचा पगार हलाल आहे. लुंगीने त्यात काही बिघडत नाही.

बिघडते ते दुसऱ्याच गोष्टीने. विकलेला तास पुन्हा आपला राहत नाही. फकीहांनी येथवर लिहिले आहे की, फर्ज नमाजसाठी वेळ घेण्याचा नोकराला हक्क आहे, पण नफ्ल नमाज त्याने मालकाच्या परवानगीशिवाय त्या वेळेत पढू नये. इबादतीची ही स्थिती असेल तर क्रिकेटच्या सामन्याची काय असेल? आणि तरी मुले मला हसत सांगतात की, संगणकावरचा 'हजर' दाखवणारा हिरवा ठिपका विझू नये म्हणून माऊस आपोआप हलवणारे यंत्र बाजारात मिळते. त्या ठिपक्याने 'मी येथे आहे' असे सांगणे ही एक साक्षच आहे. ती जिभेने दिली काय आणि यंत्राने दिली काय, खोटी असेल तर खोटीच.

याहून मोठा दोष म्हणजे तोच तास दोघांना विकणे. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे सांगितले, तेव्हा मोठी चर्चा झाली. आदरणीय अबू बक्र (रजि.) खलीफा झाल्यावर त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न आला, तो आठवा. कापडाचा व्यापार आपल्या घराला पुरेसा होता, पण आता आपण मुस्लिमांच्या कामात गुंतलो आहोत, म्हणून कुटुंबाचा खर्च बैतुलमालातून चालेल, असे त्यांनी सांगितल्याचे बुखारीत आहे. दोन्हीकडे पाय ठेवण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही. येथे कंपन्यांनाही एक गोष्ट ऐकवली पाहिजे: ज्याचा सारा वेळ तुम्ही घेता, त्याचे घर चालेल इतके देणे हा त्याच प्रसंगाचा दुसरा अर्धा भाग आहे.

मालकांचा विषय निघालाच आहे, तर थोडे थांबू. कर्मचारी घरी असल्यामुळे अविश्वास वाढला आणि काही ठिकाणी पडद्याची छायाचित्रे आपोआप टिपणारी, कॅमेरा सतत सुरू ठेवायला लावणारी साधने आली. दिव्य कुरआनने दुसऱ्यांच्या गोष्टींची टेहळणी करण्यास मनाई केली आहे (४९:१२), आणि परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकू नका असे बजावले आहे (२४:२७). दोन खोल्यांच्या घरात कॅमेरा सुरू असतो, मागून आई, बहीण, पत्नी ये-जा करत असतात. तो कॅमेरा म्हणजे घरात आलेला परका माणूसच नव्हे काय? कामाचा हिशेब मागणे हा मालकाचा हक्क आहे. घर पाहणे हा नाही. सूरह नूरमध्येच (२४:५८) फजरपूर्वी, दुपारच्या विसाव्याला आणि इशानंतर अशा तीन वेळा सांगितल्या आहेत, ज्या वेळी घरातल्या लहान मुलांनी आणि सेवकांनीही विचारून आत यावे. इशानंतर वरिष्ठांचा फोन खणखणतो आणि तो घ्यावाच लागतो, तेव्हा मला ही आयत आठवते. अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे काम करण्याचे ठरले असेल तर गोष्ट वेगळी. न ठरवता माणसाची रात्र घेणे हे मापात मारणेच आहे, आणि मापात मारणाऱ्यांना कुरआनने काय ऐकवले आहे ते सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी पाहावे.

आता दुसरा प्रश्न. एका तरुणाचे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. कंपनीचे पत्र आले की पाच दिवस पुण्यात हजर व्हा. त्याने उपाय शोधला: शेगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडून महिन्यातून चार दिवस जायचे, बाकीचे दिवस मित्र त्याचे ओळखपत्र दारावरच्या यंत्राला टेकवील. "मौलाना, कारण तर चांगलेच आहे ना?" कारण चांगलेच आहे. जिहादला निघालेल्या एका माणसाला, आईवडील हयात आहेत असे कळल्यावर, प्रेषितांनी (स.) त्यांच्या सेवेत झटण्यास सांगितले होते. पण बापाची सेवा करण्यासाठी मित्राला खोटे करायला लावण्याची मुभा त्यातून निघत नाही.

मी त्याला नेमणुकीचे पत्र आणायला सांगितले. माझ्या मते निवाडा तेथेच आहे. आदरणीय मूसा (अलै.) मदयनमध्ये कामाला राहिले तो प्रसंग सूरह कससमध्ये आहे (२८:२६ ते २८). ठेवणाऱ्याने मुदत आठ वर्षांची सांगितली, दहा केलीस तर ती तुझ्या मर्जीची, आणि मला तुला अडचणीत टाकायचे नाही, असा आशयही जोडला. जे बांधील ते स्पष्ट, जे मर्जीचे तेही स्पष्ट. पत्रात कामाचे ठिकाण पुणे लिहिले असेल, तर तीन वर्षांची सवलत ही सवलतच होती. मालकाला बोलावण्याचा हक्क आहे. अशा वेळी खरी परिस्थिती लेखी मांडून मुदत मागावी, आणि नाकारली तर जावे किंवा रीतसर सूचना देऊन नोकरी सोडावी. मात्र नेमणूकच घरून काम करण्याच्या बोलीवर झाली असेल, तर मालकाने एकतर्फी अट बदलणे हा करारभंग आहे. करार पाळण्याची आज्ञा (५:१) दोघांनाही आहे. त्याने नव्याने बोलणी करावी आणि नाही म्हणण्याचाही त्याला हक्क आहे.

हक्क आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे असे मात्र नाही. आदरणीय उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत फौजा दूर सरहद्दीवर असत. रात्रीच्या फेरीत एका स्त्रीचे विरहाचे शब्द त्यांच्या कानी पडले, तेव्हा त्यांनी आपली मुलगी हफसा (रजि.) यांना विचारले की पतीवाचून स्त्री किती काळ राहू शकते, आणि त्यांच्या उत्तरावरून सैनिकांना घरापासून दूर ठेवण्याची मर्यादा घातली. काही कथनांत चार महिने आहेत, काहींत सहा. आकड्यापेक्षा मला त्यांचे विचारणे मोठे वाटते. नियम ज्या घरावर कोसळणार, त्या घराची बाजू जाणणाऱ्या व्यक्तीला त्यांनी आधी विचारले. घरून काम मिळाले म्हणूनच नोकरी करू शकलेल्या आपल्या किती मुली, हजर होण्याचे पत्र आले की मुकाट्याने राजीनामा लिहितात! पत्र काढणाऱ्यांनी त्यांना काय विचारले असेल?

याचा अर्थ कार्यालयात जाण्यात काहीच नाही असा नव्हे. नवशिक्याने जावेच, असे मी म्हणतो. सोहबतीने जे मिळते ते पडद्यावर मिळत नाही. टाळेबंदीत फोनवर तजवीद शिकवताना 'ऐन' आणि 'हम्जा' यांतला फरक मुलांच्या गळ्यात उतरवता उतरवता मी हात टेकले होते. आणि मध्यममार्गही जुनाच आहे. आदरणीय उमर (रजि.) मदीनेच्या वरच्या वस्तीत राहत. ते आणि त्यांचे अन्सारी शेजारी पाळी लावून एक दिवसाआड प्रेषितांच्या (स.) सेवेत जात आणि जो जाई तो दुसऱ्याला त्या दिवशीचे सारे सांगे. हेही बुखारीतच आहे.

जवळ राहण्याचा हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात संगणकाच्या आधीपासूनचा आहे. शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांनी मुख्यालयी राहावे, असा नियम आहे. घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागितला जाऊ लागला. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हा विषय मांडल्यावर शिक्षक संघटना संतापल्या. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. खेड्यात भाड्याने धड घर मिळत नाही, मुलांच्या शिक्षणाची सोय नसते, आणि शाळेत वेळेवर येऊन मन लावून शिकवणाऱ्याने रात्र कुठे काढली याने मुलांचे फारसे बिघडत नाही. पण ही सारी कारणे नियम बदलून मागण्याची आहेत. राहत नसताना राहतो असे लिहून भत्ता उचलणे याला ती पुरत नाहीत, आणि त्या कागदावर डोळे मिटून सही करणाराही या खोट्या साक्षीत भागीदार आहे. आपल्या उर्दू शाळांतील गुरुजनांनाही मी हे आदरपूर्वक सांगतो.

शेवटी घरच्यांसाठी एक गोष्ट, कारण हे मासिक घराघरांत वाचले जाते. मुलगा किंवा सून घरून काम करत असेल, तर 'घरीच तर आहे' असे म्हणून त्यांना दुपारी दळण आणायला, खताच्या गोण्या उतरवायला, पाहुण्यांना स्टँडवरून आणायला पाठवले जाते. नाही म्हटले तर बेअदबी ठरते. तो वेळ त्यांचा राहिलेला नाही आणि म्हणून तो तुम्हाला देण्याचा अधिकारही त्यांच्याकडे नाही. त्यांच्या कामाच्या वेळा एकदा विचारून घ्या, दार लोटून द्या, आणि दळण सकाळीच पाठवा.