अपराधाचे वजन

महापाप आणि लघुपाप यांतील भेद आपण सर्व जण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आहोत. विषय गंभीर असला पाहिजे, तो गंभीर असल्याची जाणीव असली पाहिजे आणि मनाची पूर्ण संमती असली पाहिजे. या तिहींपैकी एकाची जरी उणीव असली, तरी ते पाप महापापाच्या पायरीला पोहोचत नाही. कृत्य बाहेरून एकच दिसले तरी ते करणाऱ्यांचा दोष सारखाच असेल असे नाही, अशी ख्रिस्तसभेची जुनी धारणा आहे. म्हणून तर पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू क्वचित एखादा प्रश्न विचारतो.

परदेशात कायम वास्तव्याचा, म्हणजे आपल्या घराघरांत ज्याला 'पीआर' म्हणतात त्याचा, अर्ज तपासणारा अधिकारी असे प्रश्न विचारीत नाही. आपल्या धर्मग्रामांतील मुले-मुली कॅनडात शिकावयास जाऊ लागल्यापासून आईवडील आमच्याकडे अधूनमधून एक शंका घेऊन येतात: एवढ्याशा चुकीसाठी माझ्या मुलाचे सारे आयुष्य अडवणे न्यायाचे आहे का? प्रश्न भावनेतून आलेला असला तरी तो नीतिशास्त्राचा आहे, म्हणून त्याचा शांतपणे विचार करू.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. कॅनडाचा स्थलांतर व निर्वासितविषयक कायदा २००१ साली संमत झाला आणि २००२ साली अमलात आला. त्याच्या ३६व्या कलमात गुन्ह्यांमुळे येणारी अपात्रता सांगितली आहे. त्या देशात गुन्ह्यांचे किरकोळ आणि गंभीर असे दोन प्रकार आहेत; परंतु पुष्कळ गुन्हे असे आहेत, की ते कोणत्या प्रकारे चालवावयाचे हे सरकारी वकील ठरवतो. पाच हजार डॉलरपर्यंतची चोरी किंवा साधी मारहाण हे गुन्हे या मधल्या वर्गातले. सरकारी वकिलाने तो किरकोळ म्हणून चालवला आणि न्यायाधीशाने केवळ दंड केला, तरी स्थलांतराचा कायदा त्याला गंभीर वर्गातलाच मानतो. दुकानातून एक जाकीट उचलणारा विद्यार्थी दंड भरून बाहेर पडतो आणि प्रकरण मिटले असे समजतो. त्याच्या अर्जापुरते ते मिटलेले नसते. वेगमर्यादा ओलांडल्याचा साधा दंड मात्र या हिशेबात येत नाही, हे सांगितलेले बरे. कित्येक मातापित्यांची झोप त्यापायीही उडते.

मद्यपान करून वाहन चालवण्याची गोष्ट अधिक कठीण आहे. १८ डिसेंबर २०१८ पासून त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा पाच वर्षांवरून दहा वर्षे झाली आणि ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षे असू शकते, तो या कायद्याने 'गंभीर गुन्हेगारी'त जमा होतो. प्रत्यक्षात एक हजार डॉलरचा दंडच झाला असला, तरीही. शिवाय गुन्हा भारतात झाला असल्यास कॅनडात त्याच कृत्याला काय म्हटले असते, हे पाहिले जाते. आपल्याकडे लग्नाहून परतताना नाकाबंदीत पकडला गेलेला तरुण मोटार वाहन कायद्याच्या १८५व्या कलमाखाली न्यायालयात दंड भरतो आणि विसरून जातो. आपली मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क, त्यांची ८०. तेव्हा त्या रात्री यंत्राने कोणता आकडा दाखवला, याच्या कागदाला दहा वर्षांनंतरही मोल असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या १९९२च्या ग्रंथात (परिच्छेद २२४१) दोन्ही बाजूंचे कर्तव्य सांगितले आहे: संपन्न राष्ट्रांनी परक्याला शक्य तितके सामावून घ्यावे आणि परक्याने त्या देशाचे कायदे पाळावेत. शासन स्थलांतराला अटी घालू शकते, हेही तेथे मान्य केले आहे. म्हणजे अट असणे हाच अन्याय, असे आपल्याला म्हणता येणार नाही. मद्य पिऊन गाडी चालवणाऱ्याने रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा जीव पणाला लावलेला असतो. त्याला 'एवढीशी चूक' म्हणणाऱ्या पालकांशी आम्ही सहमत नाही. आपल्या समाजात बाटलीला मिळणारी सूट तेथील न्यायालयाने का द्यावी?

तथापि मोजमापाची रीत आम्हांस सदोष वाटते. माणसाने काय केले आणि त्याला प्रत्यक्ष किती शिक्षा झाली, हे बाजूला राहते आणि त्या कलमाखाली जास्तीत जास्त किती होऊ शकली असती, यावर निकाल लागतो. संत थॉमस अॅक्विनास यांनी म्हटले आहे, की मानवी कायदा बहुसंख्य अपूर्ण माणसांसाठी असतो, म्हणून तो प्रत्येक दुर्गुणाला हात घालीत नाही. कायद्याने अंतःकरण वाचावे अशी अपेक्षा नाहीच. परंतु दुसऱ्या न्यायाधीशाने समोर बसून केलेले वजन तरी त्याने वाचावे. एकाच कृत्यासाठी नागरिक दंड भरून घरी जातो आणि परका घरच गमावतो. ही शिक्षा नव्हे, केवळ परवानगी नाकारणे आहे, असे कायदेपंडित म्हणतात. सोसणाऱ्याला या भेदाने काही हलके वाटत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाला ही अडचण दिसली आहे. २०१३ साली त्याने सांगितले, की शिक्षा ठरवताना तिचा वास्तव्यावर होणारा परिणाम न्यायाधीश विचारात घेऊ शकतो, मात्र त्यासाठी गुन्ह्याला न शोभणारी शिक्षा देऊ शकत नाही. त्या प्रकरणात दोन वर्षांची शिक्षा एका दिवसाने कमी झाली आणि त्या एका दिवसामुळे, तेव्हाच्या नियमानुसार, आरोपीचा अपिलाचा हक्क वाचला. न्यायाधीश दोष सिद्ध झाल्यावरही काही गुन्ह्यांत आरोपीला अटींसह वा अटींविना मुक्त करू शकतो. मग ती दोषसिद्धी गणली जात नाही. पहिल्या चोरीला हा मार्ग मिळू शकतो. म्हणूनच "गुन्हा कबूल कर आणि दंड भरून मोकळा हो," हा इकडून फोनवर दिलेला सल्ला घातक ठरतो. आधी वकिलाला आपण नागरिक नाही हे सांगावे, मग कबुलीचा विचार करावा.

राहिला अर्जातील रकाना: आपणांस कधी दोषी ठरवले गेले आहे काय? येथे 'नाही' लिहिण्याचा मोह होतो आणि "तो काही खरा गुन्हा नव्हता," अशी मनाची समजूतही घातली जाते. मनात एक अर्थ ठेवून ओठांनी दुसरे बोलण्याची ही युक्ती जुनी आहे. सतराव्या शतकात काही नीतिशास्त्रज्ञांनी तिला आधार दिला होता आणि १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी ती निषिद्ध ठरवली. कॅनडाच्या कायद्यातही खोटी माहिती देणाऱ्याला पाच वर्षे दार बंद होते. भारतात घडलेल्या गुन्ह्याची शिक्षा पुरी होऊन पाच वर्षे लोटल्यावर पुनर्वसनाचा अर्ज करण्याची सोय आहे. कॅनडात घडलेल्या गुन्ह्याची नोंद ठरावीक काळानंतर स्थगित करून घेता येते. या वाटा लांब आहेत, खर्चाच्या आहेत, पण त्या सत्य सांगणाऱ्यालाच खुल्या होतात. 'होय' लिहिल्यावर तपशिलासाठी जागा दिलेली असते. तेथे तारीख, न्यायालय, शिक्षा आणि त्यानंतरच्या वर्षांत आपण कसे जगलो ते लिहावे, आणि धर्मगुरूकडून चारित्र्याचे पत्र हवे असल्यास ते मागताना त्यालाही सगळे सांगावे.