धुळ्याच्या तुरुंगातला अर्जुन

21 फेब्रुवारी 1932, रविवार. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे गीतेचा पहिला अध्याय सांगायला बसले. समोर सविनय कायदेभंगात पकडलेले सत्याग्रही, लाठी पडली तरी उलट हात उगारायचा नाही हे पत्करून आलेले. आणि ग्रंथ कोणता, तर श्रीकृष्ण अर्जुनाला लढायला उभा करतो तो! अहिंसेच्या सैनिकाने गीता उशाशी ठेवायची कशी?

विनोबांनी प्रश्नाला बगल दिली नाही. अर्जुन अहिंसावादी झाला होता, हेच त्यांनी नाकारलं. याआधी त्याने थोड्या का लढाया मारल्या होत्या? समोर आजोबा, गुरू, भाऊबंद दिसले तेव्हाच त्याला युद्धात पाप दिसलं. दाखला दिला तो एका न्यायाधीशाचा. शेकडो गुन्हेगारांना फाशी ठोठावलेला हा गृहस्थ. एके दिवशी पोटचा मुलगाच खुनी म्हणून पिंजऱ्यात उभा राहतो, आणि फाशी ही शिक्षाच अमानुष असल्याचं त्याला नेमकं तेव्हा सुचतं. युक्तिवाद खोटा नसेलही, पण बोलतो आहे तो मोह. गीता उतरली ती हा मोह घालवायला, असं विनोबांचं म्हणणं.

अठरा रविवारी अठरा अध्याय झाले, 19 जूनला शेवटचा. ते आज वाचायला मिळतात साने गुरुजींमुळे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली नोकरी 1930 साली सोडून सत्याग्रहात उतरलेले हे शिक्षक विनोबा बोलत तसतसे लिहून घेत. त्याचंच ‘गीता प्रवचने’ झालं.

एक अडचण मात्र उरते. स्वधर्म आईबापांसारखा आपसूक वाट्याला येतो, असं विनोबा सांगतात. याच विचाराच्या आधारे पिढ्यान्‌पिढ्या माणसं जातीच्या कामाला जुंपली गेली. विनोबांच्या मनात तसं काही नव्हतं. पण सांगणाऱ्याचं मन बघून शिकवण वापरली जात नाही. मग जन्माने आलेलं कर्तव्य कुठवर पाळायचं? लेखी उत्तरांपेक्षा साने गुरुजींनी पुढे जे केलं ते मोलाचं वाटतं.

पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून 1 मे 1947 रोजी ते उपोषणाला बसले. इंग्रजांशी लढताना समोर परके होते. इथे आपलेच धर्मबांधव. ज्यांच्या शब्दावर आयुष्य ओवाळलं त्या गांधीजींनीही उपोषण थांबवण्याची तार केली. साने गुरुजी हटले नाहीत. मंदिर उघडण्याचं मान्य झालं, तेव्हा 10 मे रोजी उपोषण सुटलं.